हाताला पाठ झालेलं घर

आईची नजर काचबिंदूनं गेली. उजव्या डोळ्याला काहीच दिसत नव्हतं आणि डाव्याला फक्त उजेड कळायचा. बाबा गेल्यापासून ती वाशीमकडे आमच्या गावी भावाजवळ राहायची. भावानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं तेव्हा तो तिला भांडुपला माझ्याकडे सोडून गेला. ‘थोडे दिवस,’ म्हणाला. मी घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, एकटीच राहते. तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा नुकतीच घेतली होती.

चावी देताना मालकांनी एकच गोष्ट बजावली होती. “भिंतीला खिळा नको हां ताई. नवीन रंग आहे.”

पहिले काही दिवस आई पलंगावरून हललीच नाही. मी सकाळी डबा भरून टेबलावर ठेवायची आणि कामाला जायची. एकदा संध्याकाळी येऊन बघते तर डबा तसाच. टेबल पलंगापासून दोन हातांवर होतं.

“खाल्लं नाहीस?”

“भूक नोती,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “सापडलाच नाही.”

त्या रविवारी मी घराला हात घातला. खिळे चालणार नव्हते, म्हणून पलंगाच्या पायापासून खिडकीच्या गजाला आणि तिथून दाराच्या कडीला सुती दोरी बांधली. बाथरूमकडे वळायचं तिथं एक गाठ, स्वयंपाकघराकडे दोन. ओट्यासमोर काथ्याचं पायपुसणं टाकलं, म्हणजे पायाला कळेल. साखरेच्या डब्याला एक रबर, मिठाच्या डब्याला दोन. आईनं यात आपली भर घातली. चहाचं भांडं मी वर ठेवायची, ते तिनं खाली आणायला लावलं. गावाहून आणलेली गोधडी खुर्चीवर टाकली आणि ती खुर्ची खिडकीशी सरकवून घेतली. खालच्या भाजीवाल्याशी बायका घासाघीस करायच्या, ते तिला तिथून ऐकू यायचं. आज मेथी महाग आहे, हे मला तीच सांगायला लागली.

तीनेक महिन्यांनी एकदा मी कामावरून आले तर कपात चहा तयार. जिन्यावरचं माझं पाऊल तिनं ओळखलं होतं. चहात साखर फार झाली होती. मी तो सगळा प्यायले.

“दिसते आता मले हे घर,” ती म्हणाली.

दहावा महिना लागला आणि मालकांचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला जागा हवी होती. “तुमचं काहीच चुकलं नाही ताई,” ते म्हणाले. मी आईचं सांगून दोन महिने जास्त मागितले. ते म्हणाले, “अकरा महिन्यांचंच अग्रीमेंट आहे ना आपलं.” त्यांचंही काही चुकत नव्हतं, म्हणून मला रागावताही येईना.

नवीन घर शोधताना आईला सोबत नेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “आजींना दिसत नाही? मग गॅसचं कसं?” दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर मी तिला नेणंच बंद केलं. शेवटी कांजूरमार्गला सातव्या मजल्यावर जागा मिळाली.

भांडुपचं घर सोडायच्या दिवशी आई त्या खुर्चीत बसून होती. मी कात्री घेतली.

“काय कापून रायली तू?”

“दोरी.”

“राहू दे नं तशीच. त्यायले काय त्रास आहे तिचा?”

सगळं काढायला अर्धा तास पुरला. पॅसेजच्या भिंतीवर, आईच्या कमरेच्या उंचीवर, एक मळकट पट्टा उमटला होता. ती रोज तिथून हात फिरवत जायची. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर तो आणखी पसरला. मालक आले, बघून म्हणाले, “असू दे. रंग काढावाच लागेल.”

कांजूरच्या घराची मांडणी उलटी होती. भांडुपला स्वयंपाकघर डावीकडे होतं, इथं उजवीकडे. पहिल्याच दिवशी मी पुन्हा दोरी बांधली, गाठी मारल्या. पण आईचे पाय डावीकडेच वळायचे आणि ती कपाटावर आपटायची. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास घरभर व्हायचा, म्हणून खिडक्या बंद. सातव्या मजल्यावर भाजीवाला ऐकू येत नव्हताच, आता काहीच ऐकू येईना.

एका दुपारी लॅबमध्ये शेजारच्या बाईंचा फोन आला. आई स्वयंपाकघर शोधत डावीकडे गेली होती. तिथं बाहेरचं दार होतं, ते तिनं उघडलं. मागे दार ओढलं गेलं. ती पॅसेजमधून चाचपडत गेली आणि त्या बाईंच्या दाराशी उभी राहिली. तिथल्या चपलांच्या स्टँडला हात लावून आपलं घर कुठं आहे ते शोधत होती. बाई तशा चांगल्या होत्या. फक्त म्हणाल्या, “आजींना एकटं नका ना ठेवू.”

मी तशीच निघाले. आई त्यांच्या सोफ्यावर अंग चोरून बसली होती. घरी आणल्यावर मी म्हणाले, “उद्या सुट्टी घेते. गाठी परत नीट मारू, तुला हळूहळू शिकवते.”

“कितीक महिन्याचं आहे हे घर?”

“अकरा.”

“मंग राहू दे,” ती म्हणाली.

त्यानंतर ती घर शिकली नाही. मी हाताला धरून नेईन तिथं यायची, बसवीन तिथं बसायची. मला म्हणायची, तू कामाला जा, मी काही उठत नाही. आणि खरंच उठायची नाही. चहा करणं तर सोडूनच दिलं. मी खूप समजावलं, एकदा ओरडलेही. ती ऐकून घ्यायची. अखेर ऐन थंडीत तीच म्हणाली, “मले गावाले नेऊन दे.”

“तिथं पण नवं घर आहे आई. तुला तेही माहीत नाही.”

“माणसं तर ठाव आहेत.”

मी नेऊन सोडलं. भावाच्या घरात गुळगुळीत फरशी होती, आणि तिथंही तिला कुणाचा तरी हात लागत होता. पण बाहेर ओट्यावर बसवलं की येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला हाक मारायची आणि ती आवाजावरून नाव घेऊन उत्तर द्यायची. निघताना मी पाया पडले तेव्हा ती कुणाशी तरी बोलत होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलतच राहिली.

आता मी लॅबमधल्या दोघींबरोबर राहते. वर्षातून दोनदा गावी जाते. आई माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवते, बारीक झालीस म्हणते. परत चल, असं मी म्हणत नाही. तीही विचारत नाही.