मामाचा पहिला घास

आमच्या घरात माझ्या आजाराला बरीच वर्षं ‘टापटीप’ म्हणत. आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगे, “आमचा पोट्टा कोणाचं उष्टं तोंडाले लावत नाही.” कोरोनाच्या दिवसांत तर माझा भाव एकदम वधारला. सक्करदऱ्यातली आमची अख्खी गल्ली हात कसे धुवायचे ते मला विचारायची. मग साथ सरली, लोकांनी हात धुणं सोडलं आणि नळापाशी मी एकटाच उरलो. बोटांची सालं निघाली तेव्हा कुठे मनाच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. सहा-आठ महिन्यांत माझी रोगाची भीती त्यांनी बरीच उतरवली. किळस मात्र हलेना. “भीतीला पटवता येतं,” त्या म्हणाल्या, “किळसेला नाही. ती आली की येऊ द्यायची, बसू द्यायची. आपण उठायचं नाही.” गृहपाठ होता, आईच्या अर्ध्या प्यायलेल्या पेल्यातलं पाणी पिण्याचा. आई बिचारी माझी दया येऊन पेल्याची कड आधी पदराने पुसून द्यायची. म्हणजे औषधच पुसून टाकायची!

तशात सावनेरला बहिणीकडे बाळाचं उष्टावण ठरलं. पहिला घास मामाने भरवायचा, ही रीत. जन्मभर उष्ट्यापासून पळालो, आणि समारंभाचं नावच उष्टावण! बाळ सहा महिन्यांचं झालं होतं आणि मी त्याला एकदाही उचललं नव्हतं, लाळ गळते म्हणून. बहीण यावर कधी बोलली नव्हती. त्या दिवशी फोनवर बोलली.

“दादा, तुले जमत नसन तं आत्ताच सांग. चुलतभावाले बोलावून घेऊ. पण मंग तू याचा मामा फक्त पत्रिकेत नाव छापायपुरताच राहशीन.”

फार लागलं मला ते. येतो म्हणालो आणि गेलो.

पाटावर बसलो, बाळाला मांडीवर घेतलं. सगळी मंडळी बाळाकडे पाहायचं सोडून माझ्या हाताकडे पाहत होती. खीर भरवली. बाळाने ती चाखली, तोंड वाकडं केलं आणि सगळी माझ्या तळहातावर काढली. वर आपली लाळेने भिजलेली बोटं माझ्या तोंडात घातली. किळस आली ती अशी की डोळ्यांत पाणी आलं. नळ कुठे आहे ते मी आल्याआल्याच बघून ठेवलं होतं. बाळाला मात्र माझी जराही किळस नव्हती. माझं बोट धरून त्यावरची खीर ते मन लावून चोखत होतं.

बहीण पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. माझा चेहरा पाहून तिला रडूच फुटलं होतं. “पुरे झालं दादा. रीत झाली. धू हात.”

“थांब न वं,” मी म्हणालो. “त्याले अजून पाहिजे दिसते.”