चौथा बोल्ट

मंगळवार, मुरुम गावातलं वेल्डिंगचं दुकान. हजर: मी, नवरा, आमची जुनी मोटार. गैरहजर: सासूबाई. शेतवाटेवरच्या दगडानं इंजिनाखालचं ऑइल चेंबर फुटलं, तेव्हापासून त्या गाडीत बसत नाहीत. आणि त्यांनाच डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला न्यायचंय.

पुन्हा फुटू नये म्हणून चेंबरखाली लोखंडी पत्रा बसवायचा, तर वेल्डरनं आधी आम्हालाच गाडीत बसवलं. स्वतः जमिनीला गाल टेकून खालची फट बोटांनी मोजली. गाडी मोजतोय की आम्हाला, कळेना.

"रिकाम्या गाडीचं माप खोटं असतंय, ताई. मागं कोण बसतंय?"

"सासूबाई. पण त्या घाबरतात."

त्यानं तीन बोल्ट आवळले, चौथा माझ्या हातावर ठेवला.

"त्यास्नी बसवून आणा. त्यांच्यासमोर आवळतो."

बोल्ट पर्समध्ये आहे. सासूबाईंना अजून विचारायचंय.