डायनिंग टेबलावरची शाळा

घरी शाळा चालवणाऱ्या बाईकडे किश्शांचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो तो खोडरबरांचा! किस्से आपोआप साठत जातात आणि कोणी विचारलं की बाहेर पडतात. आणि विचारतात सगळेच. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतल्या, आमच्या क्वार्टरमधून भाजी घ्यायला खाली उतरले, तरी कोणीतरी म्हणतंच, "पोराइले शाळेत नाई टाकलं म्हणे?" जसं काही मी त्यांना विहिरीत टाकलंय.

मुलं दोन. मनवा नऊ वर्षांची, ओम सहा वर्षांचा. शाळा डायनिंग टेबलावर.

* * *

पहिल्या दिवशी मी हौसेने टाइमटेबल भिंतीवर लावलं आणि देवघरातली घंटी वाजवून शाळा भरवली. दुपारी परत घंटी वाजवली तर ओमने बॅग उचलली, चप्पल घातली आणि दार उघडून चालू लागला.

"कुठे निघालास?"

"शाळा सुटली ना!"

बिल्डिंगला एक चक्कर मारून तो परत आला आणि बेल वाजवली. दार मीच उघडलं. मला पाहून म्हणतो, "आई, नवीन टीचर खूप बोर करतात!"

* * *

ओमचं ठीक होतं, तो लिहायचा तरी. खरी पंचाईत मनवाची. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, आणि वही समोर ठेवली की तोंडही बंद, पेन्सिलही बंद.

एकदा मैत्रिणीबद्दल ती अर्धा तास बोलली. इतकं छान बोलली की मी म्हटलं, "अगं, हेच लिही."

तिने वही माझ्याकडे सरकवली. "तू लिही, मी सांगते."

मी भोळी, बसले लिहीत. पान भरलं तेव्हा बाईसाहेबांनी ते नीट वाचून काढलं आणि म्हणाल्या, "आई, अक्षर सुधार."

* * *

ही बातमी मूल या गावी माझ्या सासूबाईंपर्यंत पोहोचली. त्यांचा फोन आला. "हे पाय, मी पोळ्याले येऊन राह्यली. पोरीनं माह्यासमोर लिवून दाखवलं तं ठीक. नाई तं मी तिले मूलले नेतो, माह्याजवळ ठेवतो अन् शाळेत टाकतो. सांगून ठेवलं!"

नवरा म्हणाला, "आई म्हणते तेही चूक नाही." मनवाशिवाय हे घर कसं वाटेल, याचा विचारसुद्धा नको वाटायचा. आणि मनात कुठेतरी हेही होतं, की त्यांचंच बरोबर असेल तर?

* * *

मग मी दोघांना सोपे विषय द्यायला लागले. 'मी पाहिलेला वाघ.' पुस्तकातल्या मुलांना हा विषय कल्पनेने लिहावा लागतो, आमच्याकडे जंगल कॉलनीला लागूनच, वाघ बिल्डिंगच्या आवारातून दिसतो!

मनवाने सगळा प्रसंग वाघाच्या चालीसकट करून दाखवला. पान कोरं.

ओमने लिहिलं, 'वाघ दिसला. आम्ही घरात आलो.'

मी म्हटलं, "इतकंच? अजून थोडं लिही ना."

तो वैतागला. "अजून लिहायला बाहेर थांबावं लागलं असतं!"

* * *

आलापल्लीला माझा भाऊ लाकडाच्या डेपोत नोकरीला आहे. तिथे सागाच्या प्रत्येक लठ्ठ्यावर, म्हणजे ओंडक्यावर, खडूने नंबर घातलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा मोजणी चालू होती. ओमला कोणीतरी खडू दिला आणि मी भावाशी गप्पा मारत बसले. मुलगा शांतपणे आकडे गिरवतोय, आईला अजून काय हवं?

थोड्या वेळाने गार्ड आले. "बाई, हे आकडे तुमच्या पोराचे का?"

मी अभिमानाने म्हटलं, "हो, छान काढतो ना?"

"लई छान. आमच्यापेक्षा चांगले. म्हणून तं समजून नाई राह्यलं ना, आमचे कोणते अन् त्याचे कोणते!"

मोजणी पहिल्यापासून झाली. जेवायला बसण्याआधी भावाने ओमचे खिसे तपासले.

* * *

पोळा आला आणि सासूबाई पहिल्याच बसने हजर झाल्या. नवरा नाईट ड्युटी करून नुकताच झोपला होता. आमच्या कॉलनीत नाईटवाल्या माणसाची झोप म्हणजे देवाची पूजा. बेल बंद, टीव्ही बंद, कुकरसुद्धा लावायचा नाही. पण सासूबाईंचा आवाज कोण बंद करणार?

दारातूनच त्या कडाडल्या, "कुठी हाय पोरगी? चाल, लिवून दाखव!"

मनवाने ओठांवर बोट ठेवलं, ओमची पाटी ओढली आणि लिहिलं, 'आजी, हळू बोल. बाबा नाईट करून आलेत.'

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. "अवं, पण मी का मोठ्यानं..."

मनवाने पुसून लिहिलं, 'हो.'

सासूबाईंनी तिच्या हातातून पेन्सिलच घेतली. सावकाश लिहिलं, 'मूलले चालतं का?'

'नाही.'

'काऊन?'

मनवाने पाटी मांडीवर घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात धरून उभी. पाटी भरली, तेव्हा तिने आजीसमोर धरली. 'तुझ्या घरी दिवसा कोणी झोपत नाही. तिथे मी दिवसभर बोलत बसेन. मग लिहिणार कधी?'

सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि पाटी पुसून परत तिच्या हातात दिली. खुणेनेच म्हणाल्या, अजून लिही. ती लिहायला लागली. मला रडू आवरेना.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. नवरा डोळे चोळत बाहेर आला. "आई? तू कधी आलीस?"

सासूबाईंनी पाटीवरून नजर न हलवता त्याला दटावलं, "चूप रे! पोरगी लिवून राह्यली."