लाल रेषेच्या आतला नवरदेव

आमच्या सयाजीला चारशे फुटांवरून आमचं अख्खं महाळुंगे गाव दिसतं, पण नाकासमोरचं काही म्हणता काही दिसत नाही. मी त्याची थोरली बहीण योगिनी, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

तो ड्रोन उडवतो. आमच्या शेतावर कंपन्या उभ्या राहिल्या आणि आम्हाला उरलं दीड गुंठ्यातलं घर आणि एक शेवग्याचं झाड. त्यातल्याच एका कंपनीत सयाजीनं चार वर्षं शिफ्ट केल्या, मग एक दिवस नोकरी सोडली आणि ड्रोन घेऊन आला. आई, म्हणजे दुर्गाबाई, दोन दिवस त्याची दृष्ट काढत होती. आता प्लॉट विकणारे एजंट त्याला बोलावतात. वरून डोंगर, हिरवळ, रस्ता दाखवायचा, प्लॉटभोवती लाल रेषा मारायची आणि खाली अक्षरं नाचवायची. त्याच्या व्हिडिओत मुरमाड माळसुद्धा असा दिसतो की माझाच हात फोनकडं जातो!

खरा जीव मात्र त्याचा सकाळच्या धुक्यात. उजाडायच्या आत गच्चीवर जाणार आणि कंपन्यांच्या निळ्या छपरांवरून वाहणारं धुकं टिपणार. स्वतः गच्चीच्या मधोमध मांडी घालून बसतो, कारण कठड्याजवळ गेलं की साहेबांना चक्कर येते.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? बारा स्थळं गेली. "मुलगा करतो काय?" "ड्रोन उडवतो." "ते कळलं हो, पण करतो काय?"

मग पिंपळे गुरवची करिष्मा आली. तळवड्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे. बघायच्या कार्यक्रमात तिनं सरळ विचारलं, "वाऱ्यात तो स्थिर कसा राहतो?" झालं! सयाजी पंचवीस मिनिटं बोलत होता. पोह्यांचा पार दगड झाला. परत येताना त्यानं गाडी दोनदा भलत्याच रस्त्याला घातली आणि म्हणाला, "ताई, हीच. नाहीतर मला परत कुठं नेऊ नकोस." इतका गंभीर चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. मला गलबलून आलं.

तिच्या वडिलांचा, नवनाथरावांचा फोन आला. घर बघायला येतो, त्याआधी घराचा एक फोटो पाठवा. दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा की नाही? नाही! यानं चारशे फुटांवरून काढला. आभाळाचा रंग सहा वेळा बदलला आणि सवयीनं तो एजंट लोकांच्या जाहिरातीच्या तयार साच्यातून काढून पाठवून दिला. एकदा नीट बघावं की नाही, बाबा?

रविवारी दारात टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. चार माणसं येणार होती, चौदा उतरली. करिष्माही आली होती. तिचे चिमाजीमामा गॉगल लावून, नवे बूट घालून आले होते. उतरल्या उतरल्या म्हणाले, "आधी तळं बघू."

"कुठलं तळं?" मी विचारलं.

त्यांनी फोन पुढं केला. फोटोतली लाल रेषा आमच्या घरापासून निघून डोंगराला वळसा घालून, तळं, देऊळ, तीन कंपन्या पोटात घेऊन परत येत होती. मधोमध लिहिलं होतं, "मोजकेच शिल्लक! आजच संपर्क करा!" नवरदेवाच्या फोटोवर!

आई पुटपुटली, "अगं बया, देऊळ बी आपलंच व्हय?"

सगळे ओसरीवर बसले. नवनाथरावांनी घर बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, "घर झकास आहे. बाकीचं कुठून सुरू होतं?"

मी सयाजीला मागून जोरात चिमटा काढला. सामाईक आहे म्हण, वाद चालू आहे म्हण, काहीही म्हण! पण हा पठ्ठ्या उभा राहिला. त्यानं सरळ सांगून टाकलं. "आमचं एवढंच. हे घर आणि तो शेवगा. रेषा माझ्या चुकीनं राहिली. डोंगर माझा नाही."

मामांनी गॉगल काढला. कुणीतरी खोकलं. नवनाथराव लालबुंद झाले. "म्हणजे चौदा माणसं शेवगा बघायला आणली काय? चला रे, उठा!"

माणसं चपला शोधायला लागली. सयाजी खाली मान घालून उभा होता. त्याचे डोळे भरले होते आणि मला माझ्याच चिमट्याची लाज वाटली.

करिष्मा मात्र जागची हलली नाही. "बाबा, त्या रेषेच्या आत आमच्या कंपनीचं गोडाऊन आहे. दर मंगळवारी मी तिथं माल तपासायला येते. फोटो आला तेव्हाच मला कळलं होतं."

नवनाथराव थबकले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही इथवर आला असता?"

नवनाथरावांनी लेकीकडं बघितलं, सयाजीकडं बघितलं, हातातली चप्पल खाली ठेवली आणि परत येऊन बसले.

"विहीणबाई," ते आईला म्हणाले, "चहा टाका."