तोंडानं काढलेला आवाज

१९८०च्या आसपास कारंज्यात, ढाब्याशेजारी एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. माझी जुनी पिकअप नेली तरी तो लगेच बॉनेटला हात लावायचा नाही. जुन्या टायरवर बसून बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, आवाज कसा येऊन राह्यला? तोंडानं काढून दाखवा."

मग मी, संत्र्याच्या बागेचा मालक, चहा पिणाऱ्या ट्रकवाल्यांसमोर घुर्र, खट, फिस्स करायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. "पह्यले खट येते का फिस्स?" मी पुन्हा करून दाखवायचो. निदान मात्र त्याचं कधी चुकलं नाही. थंडीत गाडी उठलीच नाही, तर तो सकाळी बागेतही यायचा.

शेवटी ती पिकअप मी विकायला काढली. रोहणा गावचं एक गिऱ्हाईक गॅरेजवर आलं. इंजिन मी आधीच गरम करून ठेवलं होतं, त्यामुळे पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली. गिऱ्हाईक खूश झालं. तरी त्यानं मिस्त्रीला विचारलं, "थंडीत सकाळी कसा आवाज करते?"

मी मिस्त्रीकडे केविलवाणं पाहिलं. त्यानं बिडी विझवली, डोळे मिटले आणि माझी अख्खी सकाळ तोंडानं काढली. स्टार्टरचं कण्हणं, शांतता, पुन्हा कण्हणं, माझं रडवेलं "चाल वं माय", दाराला बसलेली लाथ, आणि मग कुठे घर्रर्र.

गिऱ्हाईक हसत हसत निघून गेलं.

"खोटं बोलता येत नव्हतं का?" मी तणतणलो.

"बोललो असतो न, भाऊ. पण त्यानं आवाज इचारला," तो म्हणाला, आणि त्या दिवशी मला काहीच न विचारता त्यानं बॉनेट उघडलं.