सामायिक खोलीची वाटणी

आमच्या मजल्यावर चार विभाग आहेत आणि चौघांत मिळून एक स्मार्ट क्लासरूम. ती झाली तेव्हा परिपत्रकात एक वाक्य होतं: या खोलीची जबाबदारी चारही विभागांची सामायिक राहील. बाहेरच्या कुणी वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, चौघांनी मिळून सांभाळायची. आम्ही पडलो कोल्हापूरकडची माणसं. सामायिक म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर बांध येतो, विहीर येते आणि पाठोपाठ वाटणी येते. ती पहिल्याच बैठकीत झाली. डिजिटल फळा एका विभागाला, कॅमेरा दुसऱ्याला, माइक आणि स्पीकर तिसऱ्याला, एसी आणि दाराची किल्ली आमच्या समाजशास्त्राला. फरशी कुणाच्याच वाटणीला आली नाही.

त्या फरशीवरून चालताना चपलेचा तळवा चिकटायचा. एसीचं पाणी ठिबकून कोपऱ्यात शेवाळ धरलं होतं. टेबलाच्या खणात चहाचे कागदी कप, कपांत उरलेल्या चहावर पांढरी बुरशी, आणि त्या महागड्या फळ्याखालच्या भिंतीवर गुटख्याची वाळलेली पिचकारी. मी एकदा सफाईच्या मावशींना बोलावलं, तर कॅमेरावाल्या विभागानं त्यांना दारातच हटकलं. ‘आमच्या वस्तूवर पाणी उडालं तर कोण बघणार?’ मावशी गेल्या त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. मला त्या खोलीची किळस होती, आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल बैठकीत गोड बोलणाऱ्या तोंडांची.

अशा खोलीत माझ्या विद्यार्थिनीची पीएचडीची तोंडी परीक्षा ठरली. पोरगी आजऱ्याची. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांवर तिनं प्रबंध लिहिला होता, आणि तिची आई त्याच बायकांतली एक. पुढच्या आठवड्यात गारगोटीच्या एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. परीक्षा झाली की पदवी जाहीर होणार, पदवी असली तरच मुलाखतीला बसू देणार. तासिकेवर शिकवून पोरगी पार कंटाळली होती. परीक्षक परगावचे, ते कॅमेऱ्यावरून प्रश्न विचारणार होते.

आई सकाळीच आली, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. खोली बघून तिनं नाकाला पदर लावला. पदराच्याच दुसऱ्या टोकानं टेबल पुसून काढलं. मग कॅमेऱ्याकडं बोट करून मला विचारलं, “व्हय बाई, ह्येच्यातनंच दिसणार काय माझी पोरगी त्या सायबास्नी?”

मी हो म्हटलं.

“मग ह्येला हळदकुंकू लावू काय वाईच?”

“लावा की,” मी म्हणाले. दसऱ्याला चारी विभाग त्याला झेंडूचा हार घालतात, मग हिनं का नको? काजूच्या तेलानं तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली. तिनं हळूच दोन बोटं टेकवली आणि हात जोडले.

परीक्षक पडद्यावर आले आणि म्हणाले, चित्र जरा तांबडं दिसतंय. मी ओढणीनं कॅमेऱ्याच्या काचेवरचं कुंकू पुसलं. चित्र लख्ख झालं. हे सगळं बघायला तीन विभागप्रमुख हजर होते. चौथे, माइकवाले, भाच्याच्या लग्नाला गगनबावड्याला गेले होते. आणि माइक कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं, किल्ली गगनबावड्याला.

मी म्हटलं, माझ्या मोबाईलवरून बोलू. परीक्षा विभागाचे साहेब म्हणाले, खोलीतल्या यंत्रणेवर रेकॉर्डिंग झालं पाहिजे, नाहीतर उद्या कुणी हरकत घेईल. मी म्हटलं, कुलूप तोडू. तेव्हा फळावाले प्रमुख माझ्याकडं मी कुणाच्या घरावर दरोडा घालतेय असं बघायला लागले.

“मॅडम, ते त्यांच्या वाटणीचं हाय. आम्ही कसं सांगणार तोडा म्हणून?”

कॅमेरावाल्यांनी मान डोलावली. आमचे प्रमुख खिडकीतून पार्किंगकडं बघत होते. पोरगी प्रबंध छातीशी धरून फळ्यासमोर उभीच होती. परीक्षकांनी वाट बघितली, मग त्यांची स्वतःची तासाची वेळ झाली आणि ते पडद्यावरून गेले. परीक्षा पुढं ढकलली. प्रमुखांनी जाताना पेढे घेतले, एकानं घरी न्यायला कागदात बांधूनही घेतले.

मुलाखत चुकली. त्या जागेवर दुसरं कुणीतरी लागलं.

मी तक्रार केली, म्हणून चौकशी बसली. चौकशीला तेच चार प्रमुख. वर्षानुवर्षं खोलीतल्या एका खिळ्यावर ज्यांचं एकमत झालं नव्हतं, ते पहिल्याच बैठकीत एक झाले. निष्कर्ष असा: बाहेरील व्यक्तीने यंत्रास कुंकू लावल्याने तांत्रिक व्यत्यय आला. मी उठून सांगितलं, कुंकू मी पुसलं होतं, लावायलाही मीच सांगितलं होतं, अडलं ते माइकवर. लग्नाहून परतलेले प्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमचं नाव कशाला घालायचं मॅडम? आपल्यातलं कुणी अडकाय नको, एवढंच बघितलंय आम्ही.” आणि मी आभार मानेन म्हणून थांबले. असल्या माणसांच्या शेजारी बसून मी इतकी वर्षं डबा खाल्ला, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

कुणीतरी तो निष्कर्ष आजऱ्यापर्यंत, आईच्या कानावर पोचवलाच.

पुढं परीक्षक स्वतः आले आणि आमच्या विभागाच्या साध्या वर्गात, खडूच्या फळ्यासमोर परीक्षा झाली. पोरीनं सुरेख उत्तरं दिली. आई व्हरांड्यात बसली होती. तिला आत न्यायला मी बाहेर गेले, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“तुमी जावा बाई. मी हितंच बरी हाय. माझा हात लागून परत काय बिघडाय नको.”

मी पुष्कळ समजावलं. तिनं नुसती मान हलवली. आत पोरीच्या नावामागं डॉक्टर लागलं, टाळ्या झाल्या, तेव्हा ती उठून दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या अलीकडंच उभी राहिली.