आवाज थांबला की

आमच्या औद्योगिक वसाहतीच्या गल्लीत एखाद्याचं मशीन अचानक गप्प झालं की शेजारचा हातातलं काम टाकून धावतो. कुणाचा हात तर सापडला नाही ना, ही धास्ती.

काल दुपारी माझं मशीन आपोआप थांबलं. भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमधले शिंदेमामा धापा टाकत आले. माझे दोन्ही हात शाबूत दिसले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

"काय झालं रे?"

"मामा, आता आपली मशीनं इंटरनेटवरून परदेशातल्या कंपनीला जोडलीत ना. तिकडून कुणीतरी थांबवलं."

"कुणी?"

तेवढ्यात मामांचं मशीन थांबलं. मग समोरचं. मग सगळी गल्लीच गप्प झाली. सवयीनं सगळे धावत बाहेर आले आणि रस्त्यातच थबकले. धावायचं कुणाच्या दारात?